जुन्या संगणकावर पेन ड्राइव्हवरून लिनक्स कसे बसवायचे: आधी काय वाचवायचे आणि कुठे थांबायचे

विंडोज १० साठीच्या मोफत सुरक्षा-दुरुस्त्या १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबल्या. नोंदणी करणाऱ्या घरगुती ग्राहकांना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची वाढीव मुदत आहे, पण ती तात्पुरतीच. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा चिप लागते आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा लागतो. म्हणजे २०१८ च्या आधी घेतलेले बहुतेक संगणक बाद. वाचनालय, झेरॉक्सचं दुकान, शाळेची लॅब, सोसायटीचं ऑफिस, सगळीकडे अशीच यंत्रं आहेत. यंत्र धडधाकट आहे, पण त्यावरची प्रणाली आता उघडी पडली आहे. अशा यंत्रासाठी लिनक्स हा सरळ पर्याय आहे, तोही फुकट. आठ जीबीचा एक पेन ड्राइव्ह आणि एक मोकळी दुपार एवढ्यावर काम होतं.

लिनक्स हे खरं म्हणजे प्रणालीच्या गाभ्याचं नाव. फिनलंडमधल्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ साली तो लिहायला घेतला आणि सगळ्यांसाठी खुला ठेवला. त्या गाभ्याभोवती वेगवेगळ्या मंडळींनी बांधलेल्या पूर्ण प्रणालींना डिस्ट्रो म्हणतात. उबुंटू, डेबियन, फेडोरा, मिंट ही त्यांतली ओळखीची नावं. आपल्याकडे सी-डॅकने डेबियनवरून ‘बॉस’ नावाची प्रणाली काढली आहे. उबुंटूची सीडी एके काळी परदेशातून पोस्टाने फुकट घरपोच यायची, २०११ मध्ये ते बंद झालं. आमच्या पिढीतल्या पुष्कळांची लिनक्सशी पहिली ओळख त्या पाकिटातूनच झाली.

विंडोजची सवय असलेल्या माणसाला मी मिंट सुचवतो. खाली डावीकडे मेनू, खाली पट्टी, उजवीकडे घड्याळ, त्यामुळे बुजायला होत नाही. मिंटची २२ ही मालिका उबुंटू २४.०४ वर उभी आहे आणि तिला २०२९ पर्यंत दुरुस्त्या मिळणार आहेत. तिच्या तीन आवृत्त्या आहेत: सिनॅमन, माटे आणि एक्सएफसीई. रॅम चार जीबी किंवा कमी असेल तर एक्सएफसीई घ्या. जुन्या चक्रीच्या हार्ड डिस्कवर कोणतीही प्रणाली रेंगाळतेच. खर्च करायचाच असेल तर आधी एसएसडी बसवा, फरक लगेच जाणवतो.

आधी काय वाचवायचं

बसवण्याची प्रक्रिया सोपी आहे. नुकसान होतं ते त्याच्या आधीच्या घाईत.

माझ्याकडून २०१६ साली हेच झालं. घरच्या संगणकात सी आणि डी असे दोन ड्राइव्ह. ‘सगळं डी मध्ये आहे, काळजी करू नकोस’ असं आईला सांगितलं आणि ‘इरेज डिस्क’ वर बोट ठेवलं. सी आणि डी हे एकाच डिस्कचे दोन कप्पे असतात, आणि ‘इरेज डिस्क’ म्हणजे सगळे कप्पे पुसून टाकणं. आजोबांच्या ऐंशीव्या वाढदिवसाचे फोटो त्यात होते. फोटोरेक नावाच्या साधनाने काही परत मिळाले, पण फाइलींची नावं आणि फोल्डर गेले ते गेलेच. तुमच्यावर अशी वेळ आलीच, तर त्या डिस्कवर पुढे काहीही लिहू नका, यंत्र लगेच बंद करा आणि डिस्क दुसऱ्या संगणकाला जोडून प्रयत्न करा. जितकं नवीन लिहाल तितकं जुनं कायमचं जातं.

तेव्हा डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स, पिक्चर्स आणि डी-ई जे काही असतील ते सगळं बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्या. घेतल्यावर ती डिस्क दुसऱ्या यंत्राला लावून चार फाइली उघडून बघा. कॉपी झाली म्हणजे उघडतेच असं नाही.

आता मराठी माणसाची खास अडचण. आपल्याकडे वीस-पंचवीस वर्षांचे ठराव, अहवाल, निवेदनं, लग्नपत्रिका श्रीलिपी किंवा डीव्हीबी-टीटी सुरेख अशा जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या आहेत. त्या फाइलींच्या पोटात मराठी अक्षरं नसतातच, इंग्रजी अक्षरांवर मराठी आकार चढवलेले असतात. तो फॉन्ट नसेल तर पानभर अगम्य चिन्हं दिसतात आणि माणूस घाबरतो, फाइल खराब झाली म्हणून. फाइल ठीक असते, फॉन्ट नसतो. सीमाभागात तर नुडीत टाइप केलेले जुने कन्नड कागदही असतात, त्यांचंही दुखणं हेच.

त्यावर उपाय दोन आणि दोन्ही विंडोज चालू आहे तोवर करायचे. पहिला, विंडोजच्या फॉन्ट्स फोल्डरमधून हे सगळे फॉन्ट कॉपी करून ठेवा. लिनक्सवर फॉन्टच्या फाइलवर दोनदा क्लिक करून तो बसवता येतो, मग जुन्या फाइली वाचता आणि छापता येतात. दुसरा, ज्या फाइलींवर पुढे काम होणार आहे त्या युनिकोडमध्ये बदलून घ्या. कारण त्या फॉन्टसोबत येणारं टायपिंगचं सॉफ्टवेअर विंडोजचं असतं, ते लिनक्सवर चालेल असं धरून चालू नका. महत्त्वाच्या कागदांची एकेक पीडीएफही काढून ठेवा.

आधी विचारायचे प्रश्न

टॅली वापरता का? मग त्या यंत्राला हात लावू नका, टॅली लिनक्ससाठी नाही. टेंडरसाठी किंवा जीएसटीसाठी डिजिटल सहीचा टोकन लावता का? काही टोकनांचे लिनक्स ड्रायव्हर मिळतात, पण सरकारी पोर्टलांची सही करण्याची छोटी सॉफ्टवेअर्स बहुधा विंडोज धरूनच केलेली असतात. आधी खात्री करून घ्या. प्रिंटर कोणता? एचपीचे बहुतेक प्रिंटर लिनक्सवर नीट चालतात. पण झेरॉक्सच्या दुकानांत घरोघरी असावा तसा दिसणारा कॅननचा एलबीपी २९०० हा लिनक्सवर डोकेदुखी आहे. तो लावायला वेगळा ड्रायव्हर लागतो आणि बरीच खटपट करावी लागते. तोच एक प्रिंटर असेल तर एक यंत्र विंडोजवर राहू द्या.

बाकी ब्राउझरमधलं काम, मग ते बँक असो, जमिनीचे उतारे असोत की ऑनलाइन अर्ज, फायरफॉक्स किंवा क्रोममध्ये तसंच होतं. वर्ड-एक्सेलच्या जागी लिब्रे ऑफिस मिळतं.

पेन ड्राइव्ह तयार करणे

मिंटच्या अधिकृत संकेतस्थळावरून आयएसओ फाइल उतरवा, ती साधारण तीन जीबीची असते. ही फाइल पेन ड्राइव्हवर नुसती कॉपी केली तर चालत नाही. ती एका विशिष्ट पद्धतीने उतरवावी लागते, त्यासाठी विंडोजवर रूफस हे छोटं मोफत साधन आहे. पेन ड्राइव्हवरचं आधीचं सगळं पुसलं जातं, हे लक्षात असू द्या.

रूफसमध्ये आयएसओ निवडल्यावर शेजारी बरोबरच्या खुणेचं छोटं बटण असतं. ते दाबलं की फाइलीचा एसएचए-२५६ आकडा निघतो. तो संकेतस्थळावर दिलेल्या आकड्याशी जुळवून बघा. मोबाइलच्या नेटवर उतरवलेली फाइल अर्धवट राहण्याचा प्रकार नेहमीचा आहे, आणि अर्धवट फाइल निम्म्या वाटेत धोका देते. या दोन मिनिटांचा कंटाळा करू नका. बाकी पर्याय रूफस सुचवेल तसेच ठेवा.

यंत्र पेन ड्राइव्हवरून सुरू करणे

संगणक पूर्ण बंद करा, पेन ड्राइव्ह लावा आणि चालू करताक्षणी बूट मेनूची कळ टिचकत राहा. डेल आणि लेनोव्होला एफ १२, एचपीला एस्केप आणि मग एफ ९, असूसच्या लॅपटॉपला एस्केप. एसरला एफ १२ आहे, पण बऱ्याच मॉडेलांत आधी एफ २ ने बायोसमध्ये जाऊन तो मेनू चालू करावा लागतो. विंडोज उघडली तर कळ उशिरा दाबली गेली, परत करा.

त्याआधी विंडोजमध्ये दोन गोष्टी तपासा, विशेषतः विंडोज ठेवून शेजारी लिनक्स बसवायचं असेल तर. एक, पॉवरच्या सेटिंगमधलं ‘फास्ट स्टार्टअप’ बंद करा. ते चालू असेल तर विंडोज खऱ्या अर्थाने बंदच होत नाही आणि लिनक्समधून तिच्या ड्राइव्हवर लिहिता येत नाही. दोन, बिटलॉकर किंवा ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’ चालू आहे का ते पाहा. नव्या लॅपटॉपांत ते न विचारता चालू असतं. बायोसमध्ये काही बदललं की पुढच्या वेळी विंडोज ४८ अंकी किल्ली मागते, आणि ती ज्या मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते ते खातं कधी कधी दुकानदाराने उघडून दिलेलं असतं! किल्ली हातात नसेल तर पुढे जाऊ नका.

पेन ड्राइव्हवरून मिंट सुरू झाली की समोर पूर्ण डेस्कटॉप येतो. अजून डिस्कला हातही लागलेला नाही. ही सोय फार मोलाची आहे आणि बरेच जण ती घाईत सोडून देतात. वाय-फाय लागतंय का, आवाज येतो का, कॅमेरा, टचपॅड, स्क्रीनचा उजेड कमीजास्त होतो का, सगळं आत्ताच बघा. वाय-फाय दिसत नसेल तर मोबाइल यूएसबी केबलने जोडून टेदरिंग चालू करा, नेट सुरू होतं. पेन ड्राइव्हवरून चालताना सगळं थोडं संथ वाटेल, ते धरून चालायचं.

बसवणे

डेस्कटॉपवरच्या ‘इन्स्टॉल’ चित्रावर दोनदा क्लिक करा. भाषेच्या यादीत मराठी आहे, पण माझं मत विचाराल तर बसवताना इंग्रजीच ठेवा. अडचण आली तर पडद्यावरचा मजकूर जसाच्या तसा शोधता येतो. कीबोर्डही इंग्रजीच ठेवा, मराठी नंतर जोडू. नाही तर पासवर्ड कुठल्या लिपीत टाइप झाला तेच कळत नाही आणि दारातच अडकायला होतं.

मग तो मुख्य पडदा येतो. ‘विंडोजच्या शेजारी बसवा’, ‘डिस्क पुसून बसवा’ आणि ‘दुसरं काही’ असे साधारण तीन पर्याय. शेजारी बसवायचं असेल तर विंडोजच्याच डिस्क मॅनेजमेंटमधून आधी जागा मोकळी करून ठेवलेली बरी. किमान २० जीबी लागते, शंभर असेल तर सुटसुटीत. दोन डिस्क असलेल्या यंत्रात नावावर जाऊ नका, आकार बघा. एसडीए म्हणजे आपली मुख्य डिस्क असं समजून चालणाऱ्यांची फसगत होते, कारण मुख्य डिस्क नव्या एनव्हीएमई प्रकारची असेल तर एसडीए हे नाव पेन ड्राइव्हलाच मिळालेलं असू शकतं. शेवटी बदलांची यादी दाखवून संगणक एकदा विचारतो. ‘कंटिन्यू’ म्हटल्यावर मागे फिरता येत नाही. ती यादी मोठ्याने वाचा, जमलं तर शेजारी कुणाला तरी बसवून.

वायफाय किंवा ग्राफिक्सचे जास्तीचे ड्रायव्हर घेताना सिक्युअर बूट चालू असेल तर एक पासवर्ड ठरवायला सांगितलं जातं. पुढच्या सुरुवातीला निळा पडदा येतो. तिथे ‘एनरोल एमओके’ निवडून तोच पासवर्ड द्यायचा. लोक घाबरून ‘कंटिन्यू बूट’ दाबतात आणि मग ड्रायव्हर चालत नाही म्हणून तक्रार करतात.

टाइम झोन कोलकाता. बाकी वीस-तीस मिनिटांचं काम, चहा घेऊन या. सांगेल तेव्हा पेन ड्राइव्ह काढायचा.

पहिल्या दिवशी

अपडेट मॅनेजर चालवा, ड्रायव्हर मॅनेजर उघडून बघा आणि टाइमशिफ्ट लावून ठेवा. एखादं अपडेट बिघडलं तर टाइमशिफ्टने प्रणाली मागच्या तारखेला नेता येते. तुमच्या फोटो-कागदांची प्रत मात्र ते ठेवत नाही, ती वेगळीच घ्यायची.

मराठीसाठी कीबोर्डच्या सेटिंगमध्ये जाऊन इन्स्क्रिप्ट जोडा. त्याच यादीत मराठीसाठी ‘कगप’ नावाची उच्चारावर चालणारी मांडणीही दिसेल. हे नाव आलं आहे कन्नड गणक परिषदेवरून. त्यांची मांडणी कन्नडसाठी झाली आणि लिनक्सवर ती मराठीसह इतर भारतीय लिप्यांनाही जोडली गेली. एकाच यंत्रावर मराठी आणि कन्नड दोन्ही लिहावं लागणाऱ्या सीमाभागातल्या कारकुनाला तेच बोट, तीच कळ आणि दोन लिप्या असं मिळतं. विंडोजवर ही सोय मला एवढ्या सहज कधी सापडली नव्हती.

दोन्ही प्रणाली ठेवल्या असतील तर विंडोजचं घड्याळ कधी कधी बरोबर साडेपाच तास मागे पडलेलं दिसतं. यंत्राचा सेल गेला असं समजून तो बदलायला धावू नका. यंत्रातल्या घड्याळात लिनक्स जागतिक वेळ ठेवते आणि विंडोज तीच स्थानिक वेळ समजते, एवढंच. लिनक्सला स्थानिक वेळ ठेवायला सांगितलं की काटे जुळतात.

तयार केलेला पेन ड्राइव्ह लगेच पुसू नका. पुढे कधी यंत्र सुरूच झालं नाही, तर त्यावरूनच डेस्कटॉप उघडून आतल्या फाइली बाहेर काढता येतात, विंडोजच्या यंत्रातल्यासुद्धा.