पक्षाचेच उमेदवार 'अपक्ष' कसे झाले? समजून घ्या पाकिस्तानातल्या प्रांतिक निवडणुकीचं गणित

८ फेब्रुवारी २०२४ रोजी पाकिस्तानात राष्ट्रीय संसदेसोबतच पंजाब, सिंध, खैबर पख्तुन्ख्वा आणि बलुचिस्तान या चार प्रांतांच्या विधानसभांसाठी मतदान झालं. यात खैबर पख्तुन्ख्वामध्ये सर्वाधिक जागा जिंकल्या त्या अपक्षांनी! पण हे अपक्ष फक्त कागदावरचे होते.

बॅट का गेली?

इम्रान खान यांच्या तेहरीक-ए-इन्साफ (पीटीआय) पक्षाचं चिन्ह होतं बॅट. पक्षांतर्गत निवडणुका नियमानुसार झाल्या नाहीत, असं म्हणत निवडणूक आयोगाने डिसेंबर २०२३ मध्ये हे चिन्ह काढून घेतलं. १३ जानेवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयानेही आयोगाच्या बाजूने निकाल दिला. त्यामुळे पीटीआयचे उमेदवार अपक्ष म्हणून उभे राहिले आणि प्रत्येकाला वेगळं चिन्ह मिळालं. कुणाला वांगं, कुणाला पलंग. ज्यांना वाचता येत नाही, ते मतदार चिन्ह पाहूनच मत देतात. त्यामुळे 'आपला' उमेदवार कोणता, हे मतदारसंघागणिक नव्याने सांगावं लागलं.

जिंकल्यावर काय अडचण आली?

पाकिस्तानात महिला आणि अल्पसंख्याकांसाठीच्या राखीव जागांवर थेट मतदान होत नाही. पक्षांनी जिंकलेल्या जागांच्या प्रमाणात त्या वाटल्या जातात. खैबर पख्तुन्ख्वाच्या १४५ जागांपैकी अशा ३० जागा आहेत. अपक्षांना यातला वाटा मिळत नाही. मात्र विजयी उमेदवारांची नावं राजपत्रात आल्यावर तीन दिवसांत अपक्ष एखाद्या पक्षात गेला, तर तो त्या पक्षाच्या संख्याबळात धरला जातो.

म्हणून हे आमदार सुन्नी इत्तेहाद कौन्सिलमध्ये गेले. पण या पक्षाने राखीव जागांसाठी उमेदवारांची यादीच दिली नव्हती. मार्च २०२४ मध्ये आयोगाने त्यांना वाटा नाकारला. १२ जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ८ विरुद्ध ५ मतांनी पीटीआयच्या बाजूने कौल दिला. जून २०२५ मध्ये फेरविचारात तो निकालही फिरला आणि राखीव जागा इतर पक्षांकडे गेल्या.

मग सत्ता कुणाला मिळाली?

खैबर पख्तुन्ख्वामध्ये बहुमत असल्याने पीटीआयचे अली अमीन गंडापूर मुख्यमंत्री झाले. पंजाबमध्ये मात्र मुस्लिम लीग (नवाज) सत्तेत आली. मरियम नवाज मुख्यमंत्री झाल्या. पाकिस्तानातल्या कोणत्याही प्रांताच्या त्या पहिल्या महिला मुख्यमंत्री.

भारतात असं होऊ शकतं का?

भारतात नियम नेमका उलटा आहे. राज्यघटनेच्या दहाव्या परिशिष्टानुसार अपक्ष म्हणून निवडून आलेला आमदार नंतर एखाद्या पक्षात गेला, तर त्याची आमदारकी जाऊ शकते. तो सरकारला बाहेरून पाठिंबा देऊ शकतो, मंत्रीही होऊ शकतो. पक्षात प्रवेश मात्र करू शकत नाही.

थोडक्यात, 'अपक्ष' हा शब्द दोन्ही देशांत सारखाच असला, तरी निकालानंतर त्याची किंमत कायदा ठरवतो.