पोटगी आणि वागणूक : दीडशे वर्षांचा हिशेब

पोटगीचा विषय निघाला की एक वाक्य हमखास ऐकू येतं, "तिचं पाऊल वाकडं पडलं, तिला कसली पोटगी?" नवऱ्याच्या पावलाबद्दल मात्र कुणी बोलत नाही. हे वाक्य आलं कुठून आणि आजच्या कायद्यात ते किती उरलंय, ते आज बघू.

सुरुवात उत्तनपासून करू. भाईंदरच्या पश्चिमेला समुद्राकाठी उत्तन, पाली, चौक, डोंगरी ही गावं आहेत. मासे सुकवून बाजारात विकणाऱ्या तिथल्या कितीतरी बाया ख्रिस्ती आहेत. त्यांच्यासाठी इंग्रजांनी १८६९ मध्ये घटस्फोटाचा कायदा केला. त्यात नवऱ्याला बायकोचा व्यभिचार एवढं एकच कारण पुरे होतं. बायकोला मात्र व्यभिचाराच्या जोडीला मारहाण किंवा दोन वर्षं टाकून दिल्याचंही सिद्ध करावं लागे. नुसता छळ असेल तर लग्न मोडत नसे. फक्त कोर्टाकडून वेगळं राहायची परवानगी मिळे, म्हणजे न्यायिक विभक्तता.

पोटगीचं कलमही लक्षात ठेवण्यासारखं आहे. घटस्फोटाचा हुकूम झाला असेल, किंवा विभक्ततेचा हुकूम बायकोने मिळवला असेल, तर कोर्ट तिला कायमची पोटगी देऊ शकतं. रक्कम ठरवताना तिची मालमत्ता, नवऱ्याची ऐपत आणि दोघांची वागणूक बघायची. 'दोघांची' हा शब्द तेव्हापासून कायद्यात आहे, पण तराजू सारखा नव्हता. बायको व्यभिचारी ठरली तर तिचीच मालमत्ता नवऱ्याच्या किंवा मुलांच्या नावे करायचा अधिकारही कोर्टाला होता.

हे बदलायला सव्वाशे वर्षं लागली. १९९७ मध्ये मुंबई हायकोर्टाच्या पूर्ण पीठाने सांगितलं की छळ किंवा टाकून देणं हे ख्रिस्ती बाईलाही घटस्फोटाचं स्वतंत्र कारण आहे. २००१ मध्ये संसदेने कायदाच दुरुस्त केला. बायकोची मालमत्ता काढून घेणारं कलम गेलं. दावा चालू असतानाची पोटगी नवऱ्याच्या उत्पन्नाच्या एक पंचमांशापेक्षा जास्त नको, ही अटही गेली.

हिंदू बायांची वाट वेगळी होती. जुन्या धर्मशास्त्रात चुकलेल्या बायकोला जगण्यापुरतं अन्न द्यावं असं होतं. इंग्रजी अमदानीत मुंबई हायकोर्टात यावर दोन्ही तऱ्हेचे निकाल झाले. कुणी म्हणालं हक्क संपला, कुणी म्हणालं पोटापुरतं द्या. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात घटस्फोटानंतर किंवा विभक्ततेनंतर कायमची पोटगी आली, पण पुढे बाईचं पाऊल घसरलं तर कोर्टाने ती रद्दच करायची, असं लिहिलं होतं. १९७६ मध्ये त्या जागी 'बदलू किंवा रद्द करू शकेल' असं आलं. म्हणजे आता कोर्टाला सगळी परिस्थिती तोलता येते.

याशिवाय सर्व धर्मांच्या बायांसाठी फौजदारी कायद्यातली पोटगी आहे. पूर्वीचं कलम १२५, १ जुलै २०२४ पासून नव्या संहितेचं कलम १४४. तिथे बायको 'व्यभिचारात राहत असेल' तर पोटगी नाही. पण 'राहत असेल' हे शब्द महत्त्वाचे. कधीतरी झालेली एखादी चूक म्हणजे व्यभिचारात राहणं नव्हे, असं कोर्टांनी वेळोवेळी सांगितलंय. आणि आरोप नवऱ्याचा, तर पुरावाही त्यानेच द्यायचा. गावातली कुजबूज हा पुरावा नाही. बायको घर सोडून गेली या कारणावरून नवऱ्याने घटस्फोट मिळवला, तरी त्या घटस्फोटित बाईला पोटगी मागता येते, असं सुप्रीम कोर्टाने २००० मध्ये सांगितलं.

नवऱ्याच्या वागण्याचं काय? त्याने दुसरी बाई ठेवली किंवा दुसरं लग्न केलं, तर बायकोने त्याच्याजवळ राहायला नकार देणं रास्त धरलं जातं, आणि तिची पोटगी बुडत नाही.

एक सावधगिरी मात्र ठेवा. भांडणानंतर भावकी बसते, स्टँप पेपर आणते, "आम्ही राजीखुशीने वेगळे राहतो" असं लिहून अंगठा घेते. परस्पर संमतीने वेगळं राहणाऱ्या बायकोला याच कलमाखाली पोटगी नाकारता येते. मार खाऊन घर सोडलं असेल तर कागदावर 'राजीखुशी' येऊ देऊ नका. वाचून घेतल्याशिवाय सही नाही, अंगठाही नाही.

अर्जासाठी सासरच्या गावीच जायला हवं असं नाही. तुम्ही राहता त्या जिल्ह्यातही तो करता येतो. बाईला उत्पन्नाची अट न लावता सरकारी खर्चाने वकील मिळतो. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा, किंवा १५१०० वर फोन करा.

दीडशे वर्षांपूर्वी तराजूचं एक पारडं जड होतं. ते सरळ करायला कितीतरी बाया कोर्टाची पायरी चढल्या. आता निदान गावाच्या तोंडाला घाबरून आपण आपला हक्क सोडायला नको.