सर्व अंतःकरणाने : एका आज्ञेचा इतिहास

ज्युबिलीचा स्मरणग्रंथ हाती आला म्हणजे वाचक प्रथम देवळाचा पाया केव्हा घातला गेला, घंटा कोठून आली, कोणकोणते धर्मगुरू येऊन गेले, याचा शोध घेतो. आणि ते स्वाभाविकच आहे. प्रस्तुत लेखाचा विषय मात्र वीटचुन्याच्या इतिहासाहून निराळा आहे. ज्या एका आज्ञेसाठी हे देऊळ उभे राहिले, ती आज्ञा आपल्या या वैनगंगेच्या खोऱ्यापर्यंत कोणत्या वाटेने आली, हे येथे यथामती सांगावयाचे आहे.

ती आज्ञा वाचकांस पाठ आहे. यरुशलेमेत एका शास्त्र्याने प्रभू येशूस विचारले की सर्व आज्ञांत पहिली कोणती. प्रश्न साधा नव्हे. कारण यहुदी परंपरा नियमशास्त्रातील आज्ञांची संख्या ६१३ मोजते, आणि इतक्या आज्ञांच्या रानात मुख्य वाट कोणती, हा विचार तेथील पंडितांत नित्य चाले. प्रभूने उत्तर नवे दिले नाही. ‘अनुवाद’ नावाच्या ग्रंथाच्या सहाव्या अध्यायात जे मोशेने सांगितले व जे प्रत्येक धार्मिक यहुदी सकाळसंध्याकाळ म्हणत असे, तेच त्याने पुढे ठेवले : प्रभू एकच आहे, आणि मनुष्याने त्याच्यावर आपल्या सगळ्या अंतःकरणाने, जिवाने व बळाने प्रीती करावी. मार्ककृत शुभवर्तमानात या तिहींत चौथी एक गोष्ट येते, ती बुद्धी. मग शेजाऱ्यावरील प्रीतीची आज्ञा, जी ‘लेवीय’ ग्रंथात निराळ्या ठिकाणी होती, ती प्रभूने हिच्या शेजारी आणून बसविली. शुभवर्तमानांत शास्त्र्यांशी झालेले बहुतेक संवाद कडवट आहेत. हा एक गोड आहे. तो शास्त्री देवाच्या राज्यापासून दूर नाही, असे प्रशस्तिपत्र त्यास मिळाले.

आता सोळा शतके ओलांडून इसवी सन १६१६ या वर्षाकडे यावे. या एका वर्षी दोन ग्रंथ छापले गेले. ग्रंथकर्त्यांची एकमेकांशी ओळख नव्हती, भाषा निराळ्या, देश निराळे. पण आपल्या धर्मग्रामाचे मातापिता शोधू गेल्यास या दोन ग्रंथांपाशीच थांबावे लागते.

पहिला ग्रंथ गोमंतकात साष्टी प्रांती रायतूर येथे निघाला. त्याचे कर्ते फादर थॉमस स्टीफन्स हे जन्माने इंग्रज. १५४९ साली विल्टशायर परगण्यात जन्मलेला हा तरुण रोमेत येशूसंघात शिरला आणि १५७९ च्या ऑक्टोबरात गोव्यास उतरला, तो पुन्हा मायदेशी गेला नाही. चाळीस वर्षे साष्टीच्या ख्रिस्ती लोकांत काढून १६१९ साली त्याने देह ठेवला. त्या लोकांची एक अडचण होती. बाप्तिस्म्यानंतर त्यांची जुनी पुराणे गेली, पण संध्याकाळी चार माणसे जमवून ओव्या ऐकण्याची शतकांची सवय कशी जाणार? त्यांना स्वभाषेत काही हवे होते. स्टीफन्ससाहेबांनी लॅटिनातील प्रश्नोत्तरावलीवर भागविले नाही. त्यांनी दहा हजारांहून अधिक ओव्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ रचले. सृष्टीच्या उत्पत्तीपासून मसीहाच्या प्रतीक्षेपर्यंत पहिला भाग, व प्रभूच्या चरित्राचा दुसरा. मराठी भाषेचे त्यांनी त्यात केलेले गुणगान आज शाळेच्या मुलासही ठाऊक असते. ग्रंथ रोमन लिपीत छापला गेला व १६४९ आणि १६५४ मध्ये पुन्हा निघाला, यावरून तो किती वाचला जात होता हे कळते.

हे सारे भाषेच्या अभिमानासाठी येथे सांगितले असे कोणी समजू नये. ‘सगळ्या अंतःकरणाने’ या शब्दांत भाषेचाही समावेश होतो, असे मला वाटते. मनुष्य ज्या भाषेत रडतो, भांडतो व मुलास अंगाई म्हणतो, ती भाषा देवळाच्या दाराबाहेर ठेवून तो आत गेला, तर अंतःकरणाचा मोठा भाग बाहेरच राहिला.

दुसरा ग्रंथ युरोपात लियों शहरी छापला गेला. कर्ते संत फ्रान्सिस द सेल्स, जिनिव्हाचे बिशप. परंतु जिनिव्हा शहर सुधारणावादी पंथाच्या ताब्यात असल्याने त्यांचे वास्तव्य सॅव्हॉय प्रांतातील आनसी गावी असे. ग्रंथाचा विषय देवावरील प्रीती, आणि त्याचे भाग बारा. त्यांतील दहावा भाग सर्वस्वी आपल्या आज्ञेलाच वाहिलेला आहे.

या ग्रंथाचे मूळ एका दुःखात आहे व ते दुःख जाणल्याखेरीज ग्रंथ कळत नाही. १५६७ साली जन्मलेला फ्रान्सिस पॅरिस येथे विद्यार्थी असता, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, त्याच्या मनाने एका भयंकर शंकेने पेट घेतला. त्या काळी विद्यापीठात देवाच्या पूर्वनियोजनावर वाद चाले : कोण तरणार व कोण बुडणार हे आधीच ठरलेले आहे काय? फ्रान्सिसच्या मनाने घेतले की आपण बुडणारांपैकी आहो. अन्न गोड लागेना, झोप येईना. सुमारे सहा आठवडे तो मुलगा झिजत गेला. अखेर १५८७ च्या आरंभी तो एका देवळात पवित्र मरियेच्या मूर्तीपुढे जाऊन पडला. तेथे त्याने देवाकडे स्वर्गाची मागणी केली नाही. परलोकी तुझ्यावर प्रीती करण्याचे माझ्या दैवी नसले तर नसो, निदान या लोकी जिवंत आहे तोवर तुझ्यावर प्रीती करीन, अशा अर्थाचा निश्चय त्याने केला. आणि चरित्रकार सांगतात की ती व्यथा तत्क्षणी अंगावरून गळून पडली.

वाचकहो, क्षणभर येथे थांबावे. या मुलाने सौदा मोडला. फळ मिळणार नाही असे मानूनही त्याने झाड लावण्याचे ठरविले. मोशेच्या आज्ञेतील ‘सगळ्या’ या शब्दाचा अर्थ याहून स्पष्ट कोणी करून दाखविला असेल असे वाटत नाही. तरीदेखील, पुढे बिशप झाल्यावर हाच मनुष्य सामान्य माणसांकडून एवढ्या उंचीची अपेक्षा आरंभीच धरीत नाही. आपल्या लाभाच्या आशेने जी प्रीती देवाकडे वळते, तिलाही तो खरी व चांगली प्रीती म्हणतो. ती अपुरी आहे, एवढेच तिचे न्यून. आशेतून वाढत वाढत ती देवाच्या मैत्रीपर्यंत पोहोचते. शिवाय त्याचे म्हणणे असे की प्रीतीचे दोन व्यवहार आहेत, एक भावनेचा व दुसरा कृतीचा. प्रार्थनेत डोळे भरून येणे पहिल्यात मोडते, आणि देवाची इच्छा हातापायांनी पार पाडणे दुसऱ्यात.

१६२२ साली संत निवर्तले. १६६५ मध्ये त्यांस संतपद मिळाले, १८७७ मध्ये ख्रिस्तसभेच्या आचार्यांत गणना झाली, आणि १९२३ साली पोप अकरावे पायस यांनी त्यांस पत्रकार व लेखकांचे आश्रयदाते संत म्हणून घोषित केले.

आनसी येथेच १८३८ साली फादर पिएर मारी मेर्मिए यांनी या संतांच्या नावाने मिशनरी संघ स्थापिला. त्यांचा पहिला हेतू सॅव्हॉयच्या खेड्यांतील लोकांना पुन्हा धर्माकडे वळविण्याचा होता. पण रोमेहून हिंदुस्थानची हाक आली, आणि १८४५ साली पहिली तुकडी निघून १८४६ मध्ये विशाखापट्टणास पोहोचली. (ही मंडळी तेव्हा फ्रेंच नव्हती, सॅव्हॉय हा सार्डिनियाच्या राजाचा मुलूख होता व तो फ्रान्सला १८६० मध्ये मिळाला.) पूर्वकिनाऱ्यापासून थेट नागपूरपर्यंतचा अफाट प्रदेश या मूठभर लोकांच्या वाट्यास आला. त्या वेळी भंडारा नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात होता. तिसरे रघूजी १८५३ मध्ये वारले, त्यानंतर ते राज्य खालसा झाले व पुढे १८६१ मध्ये मध्यप्रांत निर्माण झाला. कामठीची छावणी, नागपूर शहर, आणि तेथून बैलगाडीने पोहोचता येईल तेवढे जग, हे या मिशनऱ्यांचे क्षेत्र होते. १८८७ साली नागपूर हा स्वतंत्र धर्मप्रांत झाला व बिशप अलेक्सी रिकाझ हे त्याचे पहिले अधिपती झाले. पहिल्या वीस वर्षांत चार बिशप त्या आसनावर बसले, यावरून येथील उन्हाने काय किंमत वसूल केली याची कल्पना यावी. पाचवे बिशप फ्रान्स्वा कोपेल यांस मात्र १९०७ पासून १९३३ पर्यंत दीर्घ काळ लाभला. नागपूरचे मुख्य देऊळ संत फ्रान्सिस द सेल्स यांच्याच नावाचे आहे. मराठी खेड्यांत या संघाचे जे काम झाले त्याचा नामांकित नमुना म्हणजे औरंगाबादेकडील घोगरगाव. तेथे १८९२ साली फादर गुरियें जाकिए येऊन राहिले व शेतकरी-मजुरांत त्यांचे एक होऊन गेले.

तेव्हा देवप्रीतीवर ग्रंथ लिहिणाऱ्या संताच्या नावाची माणसे ती आज्ञा घेऊन आपल्याकडे आली. पण ती कोरड्या जमिनीवर पडली असे मात्र समजू नये. तेराव्या शतकाच्या अखेरीस म्हाइंभटांनी लिहिलेल्या ‘लीळाचरित्रा’त भंडाऱ्याचे नाव आहे. येथील नीळभट, ज्यास तो ग्रंथ भांडारेकार म्हणतो, घरदार सोडून श्रीचक्रधरांच्या मागे गेला. त्यांचा पंथ निराळा, आपला निराळा. परंतु अर्धवट भक्ती ही भक्तीच नव्हे, ही जाण या मातीला मिशनरी येण्यापूर्वी सहाशे वर्षे होती. तसेच रेव्हरंड नारायण वामन टिळक, जे प्रॉटेस्टंट होते तरी ज्यांस आपण परके मानीत नाही, त्यांची गोष्ट. नाशिकहून राजनांदगावास जाताना आगगाडीत एका युरोपियन गृहस्थाने त्यांस नवा करार दिला. ते वाचन त्यांच्याने सोडवेना, आणि १८९५ च्या फेब्रुवारीत मुंबईस त्यांनी बाप्तिस्मा घेतला. नागपूर सोडल्यावर राजनांदगावची गाडी भंडारा रोड, तुमसर, गोंदिया याच वाटेने जाते.

आता एक नाजूक विषय. १८९६-९७ व पुन्हा १८९९-१९०० या वर्षी मध्यप्रांतात दुष्काळ पडला. आपला जिल्हा तळ्यांचा व धानाचा. पाऊस गेला म्हणजे तळी आटतात व बांध्या भेगाळतात. त्या वर्षांत कॅथलिक व इतर मिशनांनी मध्यप्रांतात अनाथ लेकरांस आश्रय दिला, भुकेल्यांस जेवू घातले. पुढे एक टोमणा रूढ झाला, तो आपल्यापैकी पुष्कळांनी लहानपणी ऐकला असेल : पोटासाठी बाटले. धानाच्या मुलखात तो अधिकच झोंबतो.

या टोमण्यास रागाने उत्तर देणारे पुष्कळ आहेत, व शरमेने मान खाली घालणारेही. माझ्या मते दोन्हींची गरज नाही. सेल्सच्या संतांनी याचे उत्तर १६१६ मध्येच देऊन ठेविले आहे. भुकेल्या माणसाने अन्न देणाऱ्या हाताकडे पाहिले, त्या हातामागे देव आहे असे ऐकले, व त्या देवाकडे आशेने वळला, तर ती आशेची प्रीती झाली. तिला खोटी म्हणण्याचा अधिकार पोट भरलेल्यास नाही. गालीलातही लोक भाकरीसाठी प्रभूमागे धावले. त्याने त्यांस त्याबद्दल बोल लावला खरा, पण आधी जेवू घातले. प्रश्न उरतो तो दुष्काळानंतरचा. पाऊस आला, अन्नवाटप बंद झाले, सरकारी मदतकेंद्रे उठली. त्यानंतरही जे प्रार्थनेस येत राहिले, भाऊबंदांनी पाणी तोडले असता येत राहिले, मुलाच्या मयतास चार खांदे मिळणे कठीण झाले असता येत राहिले, त्यांनी कशासाठी येणे चालू ठेविले असेल?

आणि जे आले नाहीत, परत गेले, त्यांचे काय? त्यांस नावे ठेवणेही आपणांस शोभत नाही. बिरादरीबाहेर पडलेल्या माणसास विहीर, सोयरीक व स्मशान या तिन्ही ठिकाणी काय सोसावे लागे, हे आज शहरात राहणाऱ्यास कळणे कठीण.

आज्ञेतील ‘सगळ्या’ या शब्दाने भले भले श्रद्धावंत भितात. आम्ही संत नव्हे, आमच्याने सगळ्या अंतःकरणाने कसे होईल, असे ते म्हणतात. आमच्याकडे गावामागे एखादे मोठे तळे असते व शेताच्या कडेस एखादी लहानशी बोडी. आषाढ-श्रावणात दोन्ही काठोकाठ भरतात. तळ्यात पाणी अधिक, पण बोडीस अपुरी भरली असे कोणी म्हणत नाही. संत फ्रान्सिसही दहाव्या भागात हेच निराळ्या शब्दांत मांडतात : सगळ्या अंतःकरणाने प्रीती करणारे अनेक, आणि तरी त्यांच्या प्रीतीच्या पायऱ्या निरनिराळ्या. आज्ञा मागते ती इतकीच की देवाच्या बरोबरीने दुसरे काही त्या जागी बसवू नये. पैसा, जात, मानपान, किंबहुना देवळातील पंचाईचे पुढारपणसुद्धा.

पुढील हकीकत थोडक्यात सांगता येते. १९५३ साली नागपूर हा महाधर्मप्रांत झाला. १९५६ मध्ये भंडारा मध्यप्रदेशातून मुंबई राज्यात आला व १९६० मध्ये महाराष्ट्रात. १९९९ च्या १ मे रोजी गोंदिया वेगळा जिल्हा झाला. धर्मप्रांताच्या दृष्टीने दोन्ही जिल्हे अद्याप नागपूरच्याच छायेत आहेत. या सर्वांहून आपल्या विषयास जवळचा बदल दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने केला. १९६३ च्या उपासनाविषयक घटनापत्राने लोकभाषेस वेदीपाशी जागा दिली. तोवर पवित्र मिस्सा लॅटिनात होई. प्रार्थना व गीते मराठीत असत, पण यज्ञाची भाषा परकी असे. रायतूरच्या फादरांनी १६१६ मध्ये जे घराच्या ओसरीवर सुरू केले, ते साडेतीनशे वर्षांनी गाभाऱ्यात पोहोचले.

नव्या वाचनक्रमानुसार मार्ककृत शुभवर्तमानातील तो शास्त्री तीन वर्षांतून एकदा, सामान्यकाळाच्या एकतिसाव्या रविवारी, आपल्या देवळात येतो. तो रविवार ऑक्टोबरच्या अखेरीस किंवा नोव्हेंबरच्या आरंभी पडतो. त्या दिवसांत आपल्याकडे हलक्या धानाची कापणी चालू असते, आणि सकाळच्या मिस्सेस पुष्कळ मंडळी शेतावर जाण्याच्या तयारीनेच आलेली असतात.