मंत्रचळ आणि मेंदूचें चित्र

मंत्राच्या उच्चारांत चूक झाली असतां जप करणार्‍याची बुद्धि चळते, अशी जुनी समजूत होती. तिच्यांतून मराठींत ‘मंत्रचळ’ हा शब्द आला. लावलेलें कुलूप पुनःपुन्हां ओढून पाहणार्‍यास, किंवा कातडी सोलवटेपर्यंत हात धुणार्‍यास लोक आजहि हाच शब्द लावतात. शब्दानें दोष कोणाच्या माथीं मारला, हें पाहण्यासारखें आहे. सोवळ्याओवळ्याच्या घरांत तर कडक आचार कोठें संपला आणि रोग कोठें सुरू झाला, हें घरच्यांनाहि उमगत नसे. वास्तविक आपल्या शंकेचा फोलपणा रोग्यास बहुधा कळत असतो. कळूनहि हात थांबत नाहीं, हीच त्याची यातना. त्यास हट्टी म्हणणें सोपें, पण अन्यायाचें.

अशा वेळीं जिवंत मेंदूंत काय चालतें, हें पाहण्याचें साधन फार उशिरां हातीं आलें. साध्या क्ष-किरणांच्या चित्रांत कवटी दिसे, आंतला मऊ मेंदु दिसत नसे. पुढें १९७० नंतरच्या दशकांत ‘पेट’ हें यंत्र निघालें. त्याची युक्ति मौजेची आहे. साखरेसारख्या द्रव्यास किरणोत्सर्गी खूण लावून तें शिरेंतून देतात. मेंदूचा जो भाग अधिक राबतो तो अधिक साखर घेतो आणि चित्रांत उठून दिसतो. १९८७ सालीं लॉस एंजेलिसच्या विद्यापीठांत डॉ. लुइस बॅक्स्टर व त्यांचे सहकारी ह्यांनीं १४ मंत्रचळी रोग्यांचीं चित्रें १४ निरोगी माणसांच्या चित्रांशीं ताडून पाहिलीं. डोळ्यांच्या खोबणींवरचा मेंदूचा भाग आणि खोल आंत असलेलें ‘कॉडेट’ नांवाचें केंद्र, हीं रोग्यांत अधिक राबतांना आढळलीं.

खरें नवल १९९२ सालचें. नऊ रोग्यांना औषध दिलें. दुसर्‍या नऊ जणांना औषध न देतां केवळ सराव दिला. ज्या वस्तूची किळस वाटते तिला हात लावावयाचा, आणि मग तो धुवावयाचा नाहीं! सुमारें दहा आठवड्यांनीं पुन्हां चित्रें काढलीं. ज्यांना गुण आला होता, त्यांच्या उजव्या कॉडेटचा उद्योग दोन्ही गटांत उतरला होता. गोळीनें जें घडलें तें सरावानेंहि घडलें.

अर्थात् अठरा माणसांवर फार भिस्त ठेवणें बरें नव्हे. २०१७ सालीं अनेक देशांतील संशोधकांनीं १,८३० रोगी आणि १,७५९ इतर माणसें ह्यांचीं एमआरआय चित्रें एकत्र तपासलीं. बंगळूरची निम्हान्स ही संस्था त्यांत सहभागी होती. प्रौढ रोग्यांत ‘हिप्पोकॅम्पस’ हा भाग सरासरीनें किंचित् लहान, आणि ‘पॅलिडम’ किंचित् मोठा भरला. परंतु हे फरक इतके बारीक, कीं एकट्या माणसाचें चित्र पाहून त्यास मंत्रचळ आहे कीं नाहीं हें सांगतां येत नाहीं. तेव्हां दुसर्‍या एखाद्या आजाराचा संशय नसेल, तर केवळ ह्या निदानाकरितां नंदुरबारच्या कुटुंबानें पदरचे पैसे मोडून मुंबई गांठण्याचें कारण नाहीं. मानसोपचारतज्ज्ञ हें निदान आजहि रोग्याशीं बोलूनच करतो: दिवसाचा किती वेळ ह्यांत जातो, आणि थांबूं म्हटलें तर मनाला काय होतें?