रीआ गावचं चर्च आणि अफगाणिस्तानातून आलेलं पाइनचं झाड

इंग्लंडातलं खेड्यातलं व्हिक्टोरियन चर्च म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर एक ठरलेलं चित्र येतं. टोकदार कमानी, निमुळता मनोरा, रंगीत काचा, बाजूला गवतात बुडालेल्या कबरी. आपल्याकडच्या कॅम्पांत इंग्रजांनी बांधलेली बरीच चर्चं याच गॉथिक वळणाची आहेत. बेळगावच्या कॅम्पातलं सेंट मेरी घ्या, नाहीतर मुंबईत कुलाब्याचं अफगाण चर्च घ्या. या लेखात मात्र त्या वळणाला न जुमानणाऱ्या एका चर्चची माहिती द्यायची आहे. ते इंग्लंडच्या उत्तरेला, कार्लाइल शहराच्या दक्षिणेला काही मैलांवर रीआ नावाच्या खेड्यात आहे. त्याच्या दफनभूमीतला एक धागा थेट कुलाब्यापर्यंत येऊन पोचतो, म्हणून हा विषय आपल्याही कामाचा.

हे चर्च बांधलं सारा लॉश या बाईने. जन्म १७८५ चा, घराणं जमीनदारांचं. न्यूकॅसलजवळच्या रसायनांच्या आणि लोखंडाच्या कारखान्यांत घराण्याचा पैसा होता. वडील १८१४ मध्ये वारल्यावर इस्टेट सारा आणि धाकटी बहीण कॅथरीन यांच्याकडे आली. दोघींनी लग्न केलं नाही. १८१७ मध्ये दोघी इटलीची सफर करून आल्या, तिथल्या जुन्या वास्तू पाहून आल्या. १८३५ मध्ये कॅथरीन गेली आणि सारा एकटी पडली.

गावातलं जुनं चर्च तोवर मोडकळीला आलं होतं. साराने सांगितलं, जागा मी देते, खर्चही मी करते. अट एकच, बांधकाम कसं करायचं यात कुणी ढवळाढवळ करायची नाही. अट मान्य झाली. सुमारे बाराशे पौंडांत काम झालं आणि डिसेंबर १८४२ मध्ये चर्च विधिवत खुलं झालं. वास्तुशास्त्राचं रीतसर शिक्षण तिला नव्हतं. त्या काळात ते बायकांना मिळतच नसे.

ही अट किती मोठी होती हे कळायला काळ लक्षात घ्यावा लागतो. खरी ख्रिस्ती वास्तू म्हणजे गॉथिकच, असं प्यूजिनसारखे वास्तुकार तेव्हा ठासून सांगत होते. सारा त्याच्याही मागे गेली. तिने आधार घेतला रोमन बॅसिलिकेचा आणि उत्तर इटलीतल्या जुन्या चर्चांचा. सरळ लांबट दालन, टोकाला अर्धगोल गाभारा, सगळ्या कमानी गोल. मनोरा नाही.

कोरीवकाम तर त्याहून वेगळं. दारा-खिडक्यांच्या चौकटींवर संतांच्या मूर्ती नाहीत. तिथे धान्याची कणसं, फुलं, फुलपाखरं, भुंगे आणि शंखासारखे जीवाश्म आहेत. छपराच्या कडेला साप, कासव, मगर. काही खिडक्यांत अलाबास्टर या अर्धपारदर्शक दगडाचे पातळ पत्रे कापून जीवाश्म झालेल्या पानांचे आकार बसवलेत. प्रवचनाचं व्यासपीठ म्हणजे दलदलीत शतकानुशतकं राहून काळा पडलेला ओकचा बुंधा. बाप्तिस्म्याचं कुंड साराने आपल्या चुलतभावाबरोबर स्वतः कोरलं. त्यावर कमळंही आहेत. पण म्हणून लगेच भारताचं नाव घ्यायची घाई नको. इजिप्त आणि भूमध्य सागराकडच्या प्राचीन कलेतही कमळ आहेच. बाकीचं बरंचसं कोरीवकाम गावातल्याच विल्यम हिंडसन या गवंड्याच्या हातचं. बाहेरून नामांकित शिल्पी न आणता घरच्या माणसाकडून एवढं काम करून घेतलं, हे विशेष.

आता दफनभूमीकडे येऊ. तिथे प्रचंड, ओबडधोबड दगड एकावर एक रचून केलेलं कॅथरीनचं स्मारक आहे. आत तिचा संगमरवरी बसलेला पुतळा आहे आणि हातात पाइनचं खवल्याखवल्यांचं फळ आहे. जवळच ब्यूकासल इथल्या प्राचीन क्रुसाची नक्कल आई-वडिलांच्या स्मरणार्थ उभी आहे. १८५३ मध्ये सारा गेली, तेव्हा तिला बहिणीच्याच कबरीत ठेवलं.

आणि इथेच मेजर विल्यम थेन याचं स्मारक आहे. लॉश कुटुंबाचा हा स्नेही इंग्रज फौजेबरोबर अफगाणिस्तानात होता. तिथून त्याने पाइनची फळं पाठवली, त्यांच्या बियांतून इथे झाड वाढवलं गेलं. जानेवारी १८४२ मध्ये काबूलहून माघार घेताना तो मारला गेला. त्याच्या आठवणीसाठी साराने झाडाशी दगडात कोरलेलं पाइनचं फळ ठेवलं.

चर्चवर जागोजागी पाइनची फळं कोरलेली आहेत आणि ती सगळी थेनसाठीच, असं समजण्याचा मोह होतो. पण तारखा पाहा. काबूलची बातमी इंग्लंडात पोचली मार्च १८४२ च्या सुमारास. चर्चचं काम त्याआधीच सुरू झालेलं होतं. पाइनचं फळ हे पुनर्जन्माचं फार जुनं चिन्ह आहे. बहीण गमावलेल्या साराने ते आधीच निवडलेलं असणार. थेनच्या मृत्यूने त्याला आणखी एक अर्थ आला, इतकंच म्हणता येतं.

काबूलहून निघालेल्या त्या फौजेत साडेचार हजारांच्या आसपास सैनिक आणि सुमारे बारा हजार बाजारबुणगे होते. सैनिकांतले बहुतेक हिंदी शिपाई. बर्फात आणि खिंडींत जवळजवळ सगळे संपले, काही कैद झाले. याच युद्धात आणि सिंधच्या मोहिमेत पडलेल्यांचं मोठं स्मारक म्हणजे आपलं कुलाब्याचं अफगाण चर्च. ते १८५८ मध्ये खुलं झालं. तिथल्या लेखात अधिकाऱ्यांची नावं आहेत. साध्या सैनिकांबद्दल मात्र, ते इतके आहेत की नोंदवणं शक्य नाही, अशा अर्थाचा मजकूर आहे. रीआत एका मित्राची आठवण, कुलाब्यात अधिकाऱ्यांची यादी. बाजारबुणग्यांचं नाव दोन्हीकडे नाही.

आपल्या गावांतल्या कॅम्पच्या जुन्या दफनभूमी पाहताना ही गोष्ट ध्यानात ठेवावी. तिथल्या शिळा झाडोऱ्यात बुजताहेत, अक्षरं पुसट होताहेत. मंडळाच्या सभासदांनी नावं आणि साल तर टिपावंच. पण दगड कुठला, कोपऱ्यात पाथरवटाची काही खूण आहे का, कोरलेलं फूल कोणतं, कुणी लावलेलं झाड अजून उभं आहे का, हेही वहीत उतरवावं. शिवाय त्या पलटणीबरोबर आलेले शिपाई, खानसामे, भिस्ती कुठे गेले, याची विचारपूस आसपासच्या वस्त्यांतल्या जुन्या घरांत करावी. ती माहिती कुठल्याच शिळेवर मिळणार नाही, आणि सांगणारी माणसं आता थोडीच राहिली आहेत.