नोलाची कैफियत

सुखान्तिकेचा शेवट विवाहांत व्हावा हा संकेत पाश्चात्य रंगभूमीवर इतका मुरलेला आहे कीं, तो केवळ एक संकेत आहे हेंच प्रेक्षक विसरून जातो. पडदा पडण्यापूर्वीं दोन जिवांच्या वाटेंतील कांटे दूर व्हावे, रुसवेफुगवे निघावे, आणि पुढें तीं दोघें सुखानें नांदलीं असें गृहीत धरून मंडळींनीं घरीं जावें, असा हा मूक करार असतो. अमेरिकन बोलपटानें हा करार रंगभूमीकडून जसाच्या तसा उचलला. १९८६ सालीं न्यू यॉर्कच्या ब्रुकलिन भागांतून एक लहानसा कृष्णधवल चित्रपट बाहेर पडला आणि त्यानें तो मोडला. त्यांतील नायिकेचे प्रियकर एकाच वेळीं तीन होते, आणि शेवटीं ती तिघांपैकीं कोणाचीच झाली नाहीं. स्पाइक ली या तरुण कृष्णवर्णीय दिग्दर्शकाचा ‘शीज गॉटा हॅव इट’ तो हाच. या चित्रपटाविषयीं आजवर जीं उलटसुलट मतें प्रकट झालीं, त्यांचा इतिहास आम्हांस चित्रपटाइतकाच उद्बोधक वाटतो. कारण कलावंत भांडवलदारापासून स्वतंत्र झाला म्हणजे तो आपल्या संस्कारांपासूनही स्वतंत्र होतो काय, हा प्रश्न त्यांतून उभा राहतो.

या कराराला अमेरिकेंत नियमांचीही जोड मिळाली होती. १९३० सालीं तेथील चित्रपट-व्यावसायिकांनीं एक आचारसंहिता तयार केली, व १९३४ च्या मध्यापासून जोसेफ ब्रीन यांच्या देखरेखीखालीं ती कसोशीनें अंमलांत आली. ती सरकारनें केलेली नव्हती; सरकारनें हात घालूं नये म्हणून धंद्यानें आपण होऊन ती स्वीकारली होती. विवाहसंस्थेचें पावित्र्य राखावें, व्यभिचार आकर्षक करून दाखवूं नये, गोऱ्या व काळ्या वंशांतील शरीरसंबंध चित्रित करूं नयेत, अशा अर्थाचीं कलमें तींत होतीं. ही कसोशी सुरू होण्यापूर्वीं कांहीं महिने फ्रँक काप्रा यांचा ‘इट हॅपन्ड वन नाइट’ पडद्यावर आला होता. त्यांत प्रवासांत एका खोलींत राहण्याची पाळी आलेल्या अविवाहित स्त्रीपुरुषांच्या खाटांमध्यें दोरीवर एक ब्लँकेट टांगलेलें असतें, आणि विवाह झाल्यावरच तें खालीं येतें. बंधनांतून विनोद कसा निपजतो याचा हा सुंदर नमुना आहे. आणि संकेत नियमाहून जुना होता, नियमानें त्याला फक्त शिक्कामोर्तब केलें, हेंही त्यावरून दिसतें.

१९६८ सालीं ही संहिता जाऊन तिच्या जागीं चित्रपटांची प्रतवारी करण्याची पद्धत आली. परंतु नियम रद्द झाले म्हणजे मनें पालटतात असें नाहीं. कृष्णवर्णीय स्त्रीपुरुषांचें प्रेम हा विषय मोठ्या चित्रसंस्थांनीं क्वचितच हातीं घेतला होता. १९६७ च्या ‘गेस हूज कमिंग टु डिनर’ मध्यें सिडनी पॉइटिए यांनीं रंगविलेला डॉक्टर इतका निष्कलंक आहे कीं, गोऱ्या कुटुंबाला जांवई म्हणून त्याच्यांत रंगाखेरीज दोष काढतां येऊं नये. आणि त्याच्या प्रेमाचें एकमेव चुंबन प्रेक्षकाला दिसतें तें टॅक्सीच्या आरशांत. १९७४ सालच्या ‘क्लॉडीन’ मध्यें सहा मुलांची एक आई आणि कचरा वाहून नेणारा एक कामगार यांचें प्रेम आहे. घरांत पुरुष आला तर सरकारी मदत कमी होईल, या धास्तीनें त्या प्रेमाची जी ओढाताण होते तिच्यांत हंसूं आणि आंसूं एकत्र येतात. हा चित्रपट खरोखर गुणी आहे. परंतु अशा कृती हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच. निष्कलंकपणाचें ओझें किंवा दारिद्र्याचें ओझें, यांपैकीं एकही डोक्यावर न घेतां केवळ प्रेम करणारी कृष्णवर्णीय स्त्री मोठ्या पडद्यावर जवळजवळ नव्हतीच.

मोठ्या संस्था देणार नाहींत तें स्वतःच्या हिमतीवर करावें, ही वाट न्यू यॉर्कमध्यें जॉन कॅसावेटिस यांनीं पूर्वींच पाडून ठेवली होती. त्यांनीं ‘शॅडोज’ साठीं नभोवाणीवरून श्रोत्यांकडे पैसे मागितले आणि १९५९ सालीं तो चित्रपट लोकांपुढें आणला. ली यांची तयारी त्याच जातीची होती. न्यू यॉर्क विद्यापीठांत चित्रपटकलेचें शिक्षण घेऊन त्यांनीं १९८३ सालीं पदवीसाठीं केलेल्या चित्रपटाला विद्यार्थ्यांचें अकादमी पारितोषिक मिळालें. पण पुढच्याच वर्षीं हातीं घेतलेला दुसरा प्रकल्प पैशाअभावीं कोसळला. तेव्हां त्यांनीं थोडीं पात्रें, थोड्या जागा आणि थोडे दिवस एवढ्यांत मावेल अशी कथा लिहिली. १९८५ च्या जुलै महिन्यांत बारा दिवसांत चित्रण उरकलें. एकंदर खर्च सुमारें १,७५,००० डॉलर. त्यांतले १८,००० डॉलर न्यू यॉर्क राज्याच्या कलामंडळाचें अनुदान. मंडळी इतकी काटकसरी कीं, परत दिल्यावर अनामत मिळते म्हणून शीतपेयांचे रिकामे डबे व बाटल्याही सांठवून ठेवीत. छायालेखन सहाध्यायी अर्नेस्ट डिकर्सन यांचें, संगीत वडील बिल ली यांचें, एक भूमिका बहिणीची आणि एक स्वतःची.

दारिद्र्यानें या कृतीला तिचें रूप दिलें असें म्हटलें तर तें अतिशयोक्तीचें होणार नाहीं. पात्र कॅमेऱ्याकडे तोंड करून प्रेक्षकाशीं बोलूं लागलें म्हणजे मोठे देखावे लागत नाहींत. पण या सोयीलाच ली यांनीं अर्थ दिला. ब्रुकलिनमधील नोला डार्लिंग ही व्यवसायानें चित्रकर्ती. आरंभीं ती अंथरुणांतून उठून बसते आणि आपल्या नांवाला लागलेला बट्टा धुऊन काढण्यासाठीं आपण बोलत आहों असें सांगते. त्यानंतर एकेक साक्षीदार पुढें येतो: सालस व गंभीर जेमी, आरशाच्या प्रेमांत पडलेला धनिक ग्रिअर, सायकलवरून हिंडणारा, तोंडाला खळ नसलेला मार्स, शिवाय पूर्वीची मैत्रीण, वडील, मानसोपचार करणारी बाई. प्रत्येकाची नोला वेगळी. कुरोसावा यांच्या ‘राशोमोन’ची (१९५०) आठवण येथें होते, आणि तो ऋण ली यांनींही नाकारलेला नाहीं. एका ठिकाणीं तर अनोळखी पुरुष एकामागून एक कॅमेऱ्यासमोर येऊन बायकांना भुलविण्याचीं आपआपलीं ठरीव वाक्यें म्हणून जातात. पुरुषजातीवरील इतकें नेमकें प्रहसन आम्हीं क्वचितच पाहिलें आहे. सबंध कृष्णधवल चित्रपटांत रंग येतो तो एकदांच, नोलाच्या वाढदिवशीं फोर्ट ग्रीन उद्यानांत जेमीनें तिला भेट म्हणून दाखविलेल्या नृत्यांत. ज्याच्या हातून पुढें घोर कृत्य होणार आहे, तोच तिच्या आयुष्यांत रंग आणतो, ही योजना विसरण्यासारखी नाहीं.

आमच्या साहित्यशास्त्राच्या वाचकाला या मांडणींतील मर्म चटकन् उमगेल. धनंजयाच्या दशरूपकांत नायकाचे अनुकूल, दक्षिण, शठ व धृष्ट असे भेद सांगितले आहेत. अनेक स्त्रियांवर प्रेम करूनही पहिलीशीं सौजन्यानें वागणारा तो दक्षिण. म्हणजे त्याच्या बहुप्रेमाला एक सन्मानाचें नांव आहे. नायिकेच्या वाट्याला आलेलें वर्गीकरण स्वीया, अन्या आणि सामान्या, म्हणजे ती कोणाची यावरून केलेलें. दक्षिण नायिका असा शब्द नाहीं. नोलाचे तिन्ही प्रियकर याच अडचणींत सांपडलेले आहेत. ती शठ नाहीं, कारण ती कोणापासून कांहीं लपवीत नाहीं. एका सणाच्या जेवणाला ती तिघांनाही एकाच टेबलाभोंवतीं बसविते. तिला काय म्हणावें हें त्यांना कळत नाहीं, म्हणून कोणी तिला विकृत म्हणतो, कोणी रोगी. चित्रपटाचा सारा विनोद या शब्दाच्या उणिवेंतून उगवला आहे.

लोकांनीं या कृतीचें स्वागत मोठ्या उत्साहानें केलें. १९८६ सालीं कान येथील महोत्सवांत दिग्दर्शकांच्या पंधरवड्यांत ती दाखविली गेली व तिला युवक-पारितोषिक मिळालें. प्रतवारी करणाऱ्या मंडळानें प्रथम तिला ‘एक्स’ ही कडक श्रेणी दिली. कांहीं भाग कापल्यावर ‘आर’ श्रेणी मिळाली. ऑगस्टमध्यें ती अमेरिकेंत प्रदर्शित झाली आणि खर्चाच्या सुमारें चाळीसपट, म्हणजे सत्तर लाख डॉलरांच्या घरांत उत्पन्न झालें. कृष्णवर्णीय मध्यमवर्गाचें प्रेम, थट्टा, बोलणेंचालणें यांना स्वतःचा प्रेक्षक आहे हें त्यामुळें सिद्ध झालें. १९८८ पासून मार्स हें पात्र एका बूट-कंपनीच्या जाहिरातींतही झळकलें. साक्षीदार असा घरोघरीं पोंचला. जिच्यासाठीं खटला उभा राहिला, ती नोला मात्र पुन्हां बोलावयास जवळजवळ तीस वर्षें थांबली.

मतभेदाचें मूळ चित्रपटाच्या उत्तरार्धांत आहे. नोलाच्या हट्टानें संतापलेला जेमी तिच्यावर बलात्कार करतो. त्यानंतर ती त्याच्याकडेच परत जाते आणि कांहीं काळ ब्रह्मचर्य पाळण्याचें ठरविते. अगदीं शेवटीं ती पुन्हां आपल्या अंथरुणावर एकटी बसून सांगते कीं तो क्षणिक दुबळेपणा होता, आपण एका पुरुषाच्या होणाऱ्यांपैकीं नव्हों. बेल हुक्स या कृष्णवर्णीय विदुषीनें १९८९ च्या ‘टॉकिंग बॅक’ या ग्रंथांत या चित्रपटावर कठोर टीका केली. नोलाची म्हणून दाखविलेली कामना पुरुषांच्या दृष्टीनेंच रेखाटलेली आहे, आणि बलात्काराच्या चित्रणानें तिच्या मुक्ततेचा दावा फोल ठरतो, असा तिच्या आक्षेपाचा रोख होता. उलट पक्षीं असें म्हणतां येतें कीं, सालस माणसाच्या मनांतही मालकीहक्क कसा दबा धरून असतो हेंच या प्रसंगानें उघडें पडतें. तो गाळला असता तर चित्रपट गोड, पण खोटा झाला असता.

हा युक्तिवाद अर्धा खरा आहे. असा प्रसंग दाखविण्याला कोणाचा आक्षेप असण्याचें कारण नाहीं; वास्तवाला साहित्यांत मज्जाव नसतो. आमचा आक्षेप पुढच्या हिशेबाविषयीं आहे. गुन्हा घडला तो जेमीच्या हातून; पण आरोपीच्या पिंजऱ्यांत पहिल्याप्रमाणें नोलाच उभी राहते, आणि खुलासा तिलाच करावा लागतो. जेमीची कैफियत कोणी मागत नाहीं. सुखान्तिकेचा करार मोडणाऱ्या लेखकाला त्या करारांतील दंडाचें कलम मात्र मोडतां आलें नाहीं: जी स्त्री एकाची होत नाहीं तिला शासन झालें पाहिजे, हें तें कलम. चित्रपटाच्या आरंभीं ली यांनीं झोरा नील हर्स्टन यांच्या १९३७ च्या कादंबरींतील उतारा दिला आहे. त्या कादंबरीची नायिका तीन पतींच्या अनुभवांतून जाऊन अखेर आपली कथा आपल्या मैत्रिणीला सांगते. तिला न्यायासन समजून ती कोणापुढें उभी राहत नाहीं. स्त्रीनें स्त्रीला सांगितलेली कथा आणि पुरुषानें स्त्रीकडून वदविलेली कैफियत यांतील अंतर येथें स्पष्ट दिसतें.

या वादाचा निकाल, निदान अंशतः, खुद्द कर्त्यानेंच दिला ही गोष्ट विरळा. २०१४ सालीं एका मुलाखतींत ली यांनीं त्या प्रसंगाबद्दल खेद व्यक्त केला. आपण तेव्हां अपक्व होतों, बलात्काराची गंभीरता त्यांत हलकी झाली, आणि एखादी गोष्ट बदलतां आली तर हीच बदलूं, अशा आशयाचें ते बोलले. २०१७ सालीं त्यांनीं त्याच कथेची दहा भागांची नवी मालिका नेटफ्लिक्ससाठीं केली. त्या वेळीं लेखनांत लिन नॉटेज यांसारख्या स्त्रिया सहभागी होत्या. त्या मालिकेंत नोलावर हल्ला होतो तो रस्त्यावर, आणि ती त्याचें उत्तर भिंतींवर भित्तिचित्रें लावून देते. म्हणजे खुलासा करण्याचें सोडून ती जाब विचारूं लागते. दुसऱ्या सत्रानंतर, २०१९ सालीं, मालिका बंद पडली. त्याच वर्षाच्या अखेरीस मूळ चित्रपटाची अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट-नोंदवहींत जतन करण्यासाठीं निवड झाली. सुधारलेली आवृत्ति थांबली आणि सदोष मूळ प्रत राष्ट्रानें सांभाळून ठेवली.

यांत कांहीं अन्याय झाला असें आम्ही मानीत नाहीं. मालिकेंतील नोला अधिक समंजस आहे, तिचे हक्क अधिक सुरक्षित आहेत. परंतु १९८५ सालीं उसन्या पैशांवर बारा दिवसांत जें धाडस झालें तें तीस वर्षांनंतर कितीही दुरुस्त्या केल्या तरी पुन्हां होणें शक्य नव्हतें. जुनी प्रत तशीच राहावी, कारण धाडस कोठपर्यंत पोंचलें आणि कोठें अडखळलें, या दोहोंची खूण तींतच आहे. चित्रसंस्थेच्या दारीं न जातां चित्रपट करतां येतो हें लींनीं सिद्ध केलें. तो करणाऱ्याच्या मनांत त्या संस्थेचीं जुनीं कलमें शिल्लक असूं शकतात, हेंही त्याच चित्रपटानें सिद्ध केलें. पहिलें स्वातंत्र्य पावणेदोन लाख डॉलरांत मिळालें. दुसऱ्याला एका विदुषीची परखड टीका, कर्त्याचा प्रांजळ पश्चात्ताप आणि तीस वर्षें लागलीं. समीक्षेचा उपयोग काय, असें विचारणाऱ्यांना आम्ही हाच हिशेब दाखवूं.