शेकोटीचे न काढलेले छायाचित्र

२४ ऑगस्ट १८७० रोजी विल्यम हेन्री जॅक्सन यांनी वायोमिंग टेरिटरीतील रेड ब्यूट्स येथे काढलेले छायाचित्र अमेरिकी सरहद्दीच्या दृश्य-इतिहासात प्रसिद्ध आहे. भूवैज्ञानिक फर्डिनंड हेडन यांच्या सर्वेक्षण-पथकातील माणसे उघड्या माळावर, जेवणाच्या मेजाभोवती जमली आहेत. स्वतः जॅक्सनही त्यांच्यात उभे आहेत. त्याच आठवड्यात, २२ ऑगस्टला, हेन्री वॉशबर्न यांची तुकडी मोंटानातील फोर्ट एलिसहून यलोस्टोनकडे निघाली. येल व हार्वर्ड येथे शिकलेले आणि १८६४ साली मोंटानात आलेले हेलेना गावचे वकील कॉर्नेलियस हेजेस या मित्रमंडळीत होते. या तुकडीबरोबर मात्र छायाचित्रकार नव्हता. शिपाई चार्ल्स मूर व वॉल्टर ट्रम्बुल यांनी काढलेली रेखाटने तेवढी मागे राहिली.

असे असूनही या प्रवासातील एक दृश्य छायाचित्राच्या अधिकाराने लोकस्मृतीत स्थिरावले. १९ सप्टेंबरच्या रात्री फायरहोल व गिबन नद्यांच्या संगमावर शेकोटी पेटली होती. या भूमीवर खाजगी मालकी सांगण्याच्या गोष्टी चालल्या असता हेजेस यांनी ती साऱ्या राष्ट्राची राखीव भूमी व्हावी असे सुचविले, अशी ती कथा. तिचे सविस्तर रूप नॅथॅनियल लँगफर्ड यांच्या १९०५ साली प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात आढळते. हे लेखन रोजनिशीचा वेश धारण करते. त्याची रचना मात्र बखरीला जवळची आहे. हेजेस यांची स्वतःची रोजनिशी १९०४ साली छापली गेली. त्या रात्रीविषयी तिच्यातील मूळ नोंद नीट झोप न लागल्याची, घर व व्यवसाय यांच्या विचारांची आहे. राष्ट्रीय उद्यानाची सूचना आपण केल्याचा उल्लेख छापील आवृत्तीतील तळटीपेत येतो. नोंद आणि तळटीप यांत चौतीस वर्षांचे अंतर आहे.

या अंतरात बरेच काही घडले होते. नॉर्दर्न पॅसिफिक रेल्वेचे भांडवलदार जे कुक यांच्या पाठबळाने लँगफर्ड यांनी १८७०-७१ च्या हिवाळ्यात व्याख्याने दिली. १८७१ साली 'स्क्रिब्नर्स मंथली'त आलेल्या त्यांच्या लेखात रेल्वेने येणाऱ्या प्रवाशांची अपेक्षा व्यक्त झाली आहे. शेकोटीवरील प्रस्तावाचा मागमूस नाही. त्या लेखासाठी थॉमस मोरान यांनी चित्रे केली तेव्हा त्यांनी तो प्रदेश पाहिलेलाही नव्हता. पुढे १८७१ च्या उन्हाळ्यात मोरान व जॅक्सन हेडन यांच्याबरोबर तेथे गेले आणि १ मार्च १८७२ रोजी उद्यानाचा कायदा झाला.

शेकोटीच्या कथेने हा व्यापारी हेतू झाकला. निःस्वार्थ नागरिकांच्या एका रात्रीच्या संवादातून उद्यान जन्मले, हे आख्यान संस्थेला अधिक साजेसे होते. इतिहासकार ऑब्रे हेन्स यांनी त्यावर शंका घेतली. पॉल शुलेरी व ली व्हिटल्सी यांनी २००३ सालच्या ग्रंथात या मिथकाच्या घडणीची सविस्तर छाननी केली. दुसरे झाकणे अधिक गंभीर होते. शेकोटीभोवतीची भूमी कथेत निर्जन भासते. प्रत्यक्षात टुकुडिका, शोशोनी, बॅनॉक व क्रो लोकांचा तेथे वावर होता, आणि ऑब्सिडियन क्लिफ येथील ज्वालामुखी काच माणसे अकरा हजारांहून अधिक वर्षे हत्यारांसाठी नेत होती. भूमी कोणाची, हा शेकोटीवरचा प्रश्न ज्यांना विचारायला हवा होता, ते त्या वर्तुळात नव्हते.

म्हणून हेजेस खोटे बोलले काय, एवढ्यापुरता हा वाद मर्यादित ठेवणे अपुरे ठरते. त्या रात्री काही बोलणे झालेही असेल. १८७० च्या नोंदीने त्याला महत्त्व दिले नाही, १९०४ च्या तळटीपेने दिले. मधल्या काळात उद्यान उभे राहिले होते आणि त्याला उगमकथा हवी होती. संगमावरील डोंगराला आज नॅशनल पार्क माउंटन असे नाव आहे. रेड ब्यूट्सच्या मेजाभोवतीची माणसे त्यांच्या तारखेसह कागदावर उमटली आहेत. संगमावरची शेकोटी मात्र तिच्या नंतरच्या तारखांसह वाचावी लागते.